कळणं आणि वळणं : शाळेतल्या व्हेपविरोधी कार्यक्रमाची समीक्षा



समीक्षा म्हटली की आपल्यासमोर पुस्तक असतं, नाही तर नाटक. आज आपण समीक्षेसाठी शाळेतला एक कार्यक्रम घेतला आहे. शाळाशाळांतून होणारा तंबाखूविरोधी कार्यक्रम, आणि गेल्या काही वर्षांत त्याच्या शेपटाला जोडला गेलेला व्हेपविरोधी कार्यक्रम. कुणी म्हणेल, यात समीक्षा कसली करायची? चांगलं काम चाललंय, चालू द्या. पण मंडळी, हा कार्यक्रम म्हणजेही एक रचनाच असते. तिला संहिता असते, रंगमंच असतो, ठरलेली पात्रं असतात. पाहुणे येतात, दीपप्रज्वलन होतं, डॉक्टर पडद्यावर चित्रं दाखवतात, आठवीची मुलं पथनाट्य करतात, सगळी शाळा हात पुढे करून शपथ घेते, फोटो निघतो आणि आभारप्रदर्शन होतं. हजारभर प्रेक्षक, आणि उठून जायची कुणालाच परवानगी नाही. मराठी रंगभूमीला इतका हुकमी प्रेक्षक कधी मिळाला नाही. (हशा) मग या प्रयोगाचा त्या प्रेक्षकावर परिणाम काय होतो, हे विचारायला नको?

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. आम्ही डॉक्टर नाही, त्यामुळे फुफ्फुसाबद्दल फार बोलणार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. हा कार्यक्रम समोर बसलेल्या मुलाबद्दल काय गृहीत धरतो? प्रत्येक उपदेशाच्या पोटात माणसाबद्दलची एक कल्पना असते. ती चुकली की उपदेश कितीही खरा असला तरी वाया जातो.

आधी वस्तू समजून घेऊ, कारण इथे बसलेल्या आजी-आजोबांपैकी अनेकांनी ती पाहिलेली नसेल. किंवा पाहिली असेल, पण नातवाचा पेनड्राइव्ह समजून परत टेबलावर ठेवली असेल. (हशा) व्हेप म्हणजे ई-सिगारेट. आत एक बॅटरी, एक तापणारी तार आणि थोडा द्रव. त्या द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, आंब्याचा नाही तर पुदिन्याचा सुगंध, आणि बहुतेक वेळा निकोटीन. ओढलं की तार तापते, द्रवाची वाफ होते, ती छातीत जाते. जळत काही नाही. राख नाही, बोटाला वास नाही, शर्टाला भोक नाही.

यातला एक बारकावा लक्षात ठेवा, पुढे लागेल. पहिली बिडी ओढणाऱ्याला ठसका लागतो, डोळ्यात पाणी येतं. तो ठसका म्हणजे शरीरानं दिलेला पहिला नकार. कितीतरी पोरं त्या एका ठसक्यानं वाचली असतील. नव्या व्हेपमध्ये निकोटीन क्षाराच्या रूपात असतं, म्हणजे त्यात आम्ल मिसळून त्याची घशाला लागणारी धार बोथट केलेली असते. त्यामुळे जास्त निकोटीन सुद्धा घशाखाली मऊपणे उतरतं. म्हणजे ठसकाच काढून घेतला. शाळेच्या आधी जो गुरू मुलाला भेटायचा, त्याचीच नोकरी गेली.

आता कायदा. भारतात ई-सिगारेटवर बंदी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. बनवणं, आयात, विक्री, वाटप, साठवण आणि जाहिरात हे सगळं गुन्हा. साठवण सोडून बाकीच्यांत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. महाराष्ट्राला बंदी नवीन नाही. आपल्याकडे गुटखाबंदी २०१२ ची, हुक्का पार्लरवरची बंदी २०१८ ची. आणि बंदीनंतर माल कुठे जातो, हेही आपल्याला ठाऊक आहे. तो दुकानाच्या फळीवरून फळीखाली जातो. व्हेपला तर फळीचीही गरज नाही. इन्स्टाग्रामवर चित्र दिसतं, टेलिग्रामवर भाव ठरतो, आणि पार्सल आणणाऱ्याला आत काय आहे ते माहीत नसतं.

आकडेही पाहून घेऊ, म्हणजे आपण भलतीकडे घाबरणार नाही. १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांची देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये झाली. त्यात ८.५ टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ५.१ टक्के होतं. ई-सिगारेट एकदा तरी वापरलेली मुलं देशभरात २.८ टक्के. मोठ्यांची पाहणी २०१६-१७ ची. त्यात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते; धूर काढणारे फक्त ३.८ टक्के आणि न जाळता, म्हणजे मुख्यतः चघळून किंवा मशेरी लावून तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला राजा अजूनही पुडीच आहे. व्हेप हा राजपुत्र आहे. तो कॅनॉट प्लेसच्या संध्याकाळी आणि क्लासच्या पार्किंगमध्ये भेटतो. राजा वाळूजच्या कामगार वस्तीत आणि पैठण, गंगापूरच्या टपरीवर. पण घराणं एकच. गोड सुपारीच्या वासानं ज्यानं गुटखा पोरांच्या तोंडात घातला, त्याच डोक्यानं आंब्याच्या वासानं निकोटीन छातीत घातलं. म्हणून व्हेपचा कार्यक्रम वेगळा आणि तंबाखूचा वेगळा, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

आता कार्यक्रमाकडे वळू. त्याचा पहिला अंक म्हणजे माहिती. यात किती रसायनं आहेत, कर्करोग कसा होतो, किती माणसं मरतात. यामागची कल्पना फार जुनी आणि फार प्रतिष्ठित आहे. ती सॉक्रेटिसाची आहे. त्याचं म्हणणं असं की जाणूनबुजून कुणी वाईट करत नाही. वाईट करतो तो अज्ञानापोटी. तेव्हा ज्ञान द्या, वर्तन आपोआप सुधारेल. आपल्या शिक्षण खात्यात सॉक्रेटिसाचे इतके अनुयायी असतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. (हशा)

त्याला उत्तर ॲरिस्टॉटलनं दिलं. तो म्हणाला, असं कसं? माणसाला कळतं आणि तरीही तो करतो, हे तर रोज डोळ्यांसमोर घडतंय. या अवस्थेला त्यानं वेगळं नाव दिलं आणि तिच्यावर नीतिशास्त्राच्या ग्रंथात बराच खल केला. मराठी माणसाला एवढं वाचायची गरज पडली नाही. आपल्या आज्यांनी चार शब्दांत सांगून ठेवलंय : कळतं, पण वळत नाही.

तिथेच आमच्या समीक्षेचा पहिला मुद्दा आहे. हा सगळा कार्यक्रम 'कळतं' या बाजूला उभा आहे, आणि अडचण 'वळत नाही' या बाजूला आहे. नववीतल्या कुठल्याही मुलाला विचारा, तंबाखूनं काय होतं? तो धडाधडा सांगेल, कारण त्यावर निबंध लिहून त्यानं दहापैकी आठ गुण घेतलेले असतात. त्याच्या चुलत्याच्या पाकिटावर सडलेल्या तोंडाचं चित्र आहे. सिनेमा सुरू होण्याआधी त्याला सूचना दाखवली जाते. अज्ञान उरलंय कुठे? ज्याला आधीच कळलेलं आहे त्याला पुन्हा तेच कळवत राहणं, हा वर्गातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निरुपयोगी उद्योग आहे.

बरं, व्हेपच्या बाबतीत ही माहिती नुसती निरुपयोगी नाही, उलटी पडते. आपण तीस वर्षं मुलांना काय दाखवलं? काळं पडलेलं फुफ्फुस. जळणारी सिगारेट. धूर. राख. मुलं आपल्यापेक्षा तर्कात पक्की असतात. त्यांनी बरोबर अनुमान काढलं : वाईट काय, तर धूर आणि तंबाखू, व्हेपमध्ये धूर नाही, तंबाखूचं पान नाही, अर्थात व्हेप वाईट नाही. न्यायशास्त्राच्या दृष्टीनं अनुमानाची रचना निर्दोष आहे, दोष आपण दिलेल्या आधारविधानात आहे. आपण निकोटीनबद्दल बोललोच नाही. पराधीनतेबद्दल बोललोच नाही. कर्करोग चाळिशीत होईल की नाही ते चाळिशीत कळेल. पण सकाळी उठल्या उठल्या ती पट्टी हाताशी नसली तर चिडचिड होते, गणिताच्या तासाला लक्ष लागत नाही, मधली सुट्टी कधी होते याकडे डोळे लागतात, हे चौदाव्या वर्षी कळतं. 'तू मरशील' यापेक्षा 'तू कुणाचा तरी गिऱ्हाईक म्हणून बांधला जाशील' हे वाक्य त्या वयाला जास्त बोचतं. त्या वयात मरणाची भीती नसते, पण कुणी आपल्याला मूर्ख बनवलं याची चीड असते.

दुसरा अंक शपथेचा. सगळी शाळा मैदानात, हात पुढे, सर एक एक वाक्य सांगतात आणि हजार कंठ ते म्हणतात. ऐकायला भव्य वाटतं. पण ही शपथ आहे का? ऑस्टिन नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं वचनाबद्दल फार मार्मिक विचार केला. तो म्हणतो, काही वाक्यं बोलणं हीच कृती असते. 'वचन देतो' म्हटलं की वचन दिलं गेलं. पण त्या कृतीलाही अटी असतात. त्या पाळल्या नाहीत तर शब्द उच्चारले जातात आणि कृती पोकळ राहते. आम्ही त्यात आमच्या पदरची एक भर घालतो : ज्याला 'देत नाही' म्हणायची मुभा नाही, त्यानं दिलेलं ते वचन नव्हे. प्रार्थनेच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाला ती मुभा आहे का? त्यानं हात खाली ठेवला तर पीटीचे सर काय करतील?

याच्या शेजारी आपल्याच मातीतली एक गोष्ट ठेवून बघा. पैठण आपल्या जिल्ह्यात आहे. माळकरी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. माळ घालणं हीही एक शपथच. पण ती कशी घेतली जाते? स्वतःहून, एकट्यानं, मान असलेल्या माणसाच्या हातून, आणि मागे दिंडीची सोबत असते. मुख्य म्हणजे त्यानंतर त्या माणसाला एक शब्द मिळतो. लग्नात, मित्रांच्या बैठकीत कुणी पेला पुढे केला तर तो एवढंच म्हणतो, 'मी माळकरी आहे.' संपलं. कुणी आग्रह करत नाही, कुणी भित्रा म्हणत नाही. नकार द्यायला नुसता निश्चय पुरत नाही; नकाराला समाजात एक प्रतिष्ठित नाव लागतं. आपल्या शाळेच्या शपथेनं मुलाला असं कुठलं नाव दिलं? क्लासच्या पार्किंगमध्ये तिघांनी ओढलं आणि चौथ्यापुढे केलं, तेव्हा त्यानं काय म्हणायचं? 'मी सव्वीस जूनला शपथ घेतली होती'? (हशा)

आता माळेची उणीवही सांगितली पाहिजे. माळ घातलेले कितीतरी आजोबा कनवटीला तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी बाळगायचे, आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटायचं नाही. कारण दारू हे व्यसन, तंबाखू ही नुसती सवय, अशी त्या समाजाची वर्गवारी होती. म्हणजे समाज ज्याला व्यसन म्हणतो त्यालाच नकाराचं बळ मिळतं. आज नेमकी तीच वर्गवारी मुलांच्या जगात चालू आहे : सिगारेट हे व्यसन, व्हेप ही नुसती गंमत.

तिसरा अंक पिवळ्या रेषेचा. आपल्याकडे तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थेचे निकष आहेत. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं २०१९ मध्ये ते सुधारून दिले. फाटकावर आणि आत फलक लावणं, भिंतीवर पोस्टर, सहा महिन्यांतून एक तरी उपक्रम, परिसरात थुंकल्याच्या किंवा ओढल्याच्या खुणा नसणं, तंबाखूवर लक्ष ठेवणारे 'मॉनिटर' नेमणं, आणि शाळेच्या कुंपणापासून शंभर यार्डांवर पिवळी रेषा आखून तिच्या आत विक्री होऊ न देणं. २००३ च्या कायद्यातच ही शंभर यार्डांची अट आहे. दंड जास्तीत जास्त दोनशे रुपये. याउलट २०१५ चा बालन्याय कायदा म्हणतो की मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. एकाच टपरीवर एकाच पुडीसाठी दोनशे रुपये किंवा सात वर्षं! यातलं आपल्या गल्लीत कुठलं कलम लागताना दिसतं, ते तुम्हीच आठवून पाहा.

आमची तक्रार निकषांबद्दल नाही. ते चांगले आहेत, पाळले तर उपयोगीही आहेत. पण हे निकष भिंतीचे, फाटकाचे, रस्त्याचे आहेत. फलकाचा फोटो निघतो, रेषेचा फोटो निघतो, अहवाल जातो, शाळा तंबाखूमुक्त घोषित होते. मूल तंबाखूमुक्त झालं का, याचा फोटो निघत नाही. आणि शंभर यार्ड म्हणजे साधारण एक्क्याण्णव मीटर. मुलाच्या खिशातला फोन ही रेषा रोज शेकडो वेळा ओलांडतो. टपरीसाठी आखलेली रेषा व्हेपला कशी अडवणार?

त्याहून खटकणारी एक गोष्ट आहे. मॉनिटर म्हणून विद्यार्थी घ्यायचे ते नववीपासून पुढचे. आणि २०१९ च्या त्याच पाहणीनं सुरुवातीचं वय काय सांगितलं? ज्या मुलांनी तंबाखू वापरून पाहिला, त्यांच्या सुरुवातीचं मध्यक वय सिगारेटला साडेअकरा, बिडीला साडेदहा, आणि धूररहित तंबाखूला ९.९ वर्षं. म्हणजे चौथी-पाचवी. शेत खाऊन झाल्यावर आपण राखणदार बसवतोय.

इथे थोडं बाहेर बघू, कारण या विषयात जगानं ठेच खाऊन बरंच शहाणपण मिळवलंय. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एक मोठा प्रयोग झाला. चाळीस शाळा-जिल्हे, आठ हजारांवर मुलं. तिसरीपासून दहावीपर्यंत शिक्षकांनी त्यांना वर्गात धूम्रपानविरोधी धडे दिले. नुसती माहिती नाही, नकार कसा द्यायचा हेही शिकवलं. मुलं शाळेतून बाहेर पडल्यावर दोन वर्षांपर्यंत त्यांचा माग ठेवला. २००० साली निष्कर्ष आला : धडे मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांच्या ओढण्यात म्हणण्यासारखा फरक नाही. इतका काटेकोर प्रयोग, आणि उत्तर शून्य. यातून शाळेनं हात टेकावेत असं निघत नाही. निघतं ते एवढंच की फळा, खडू आणि शिक्षकाचा आवाज, एवढ्यावर हे काम होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. १९९८ मध्ये फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीनं स्वतःच तरुणांसाठी 'विचार करा, ओढू नका' अशा अर्थाची जाहिरात मोहीम काढली. पुढे ज्युल या व्हेप कंपनीनं अमेरिकेत शाळांना पैसे देऊन व्हेपविरोधी कार्यक्रम करायचा घाट घातला. २०१९ मध्ये तिथल्या संसदेच्या समितीपुढे त्याची चौकशी झाली. एका शाळेत तर कंपनीचा माणूस मुलांना आमची वस्तू अगदी सुरक्षित आहे असं सांगून गेला, अशी साक्ष मुलांनीच दिली. आता विचार करा. वाघ शेळ्यांसाठी सुरक्षेचा वर्ग घेतो, तेव्हा अभ्यासक्रम काय असेल? तो म्हणतो, 'हे मोठ्यांचं काम आहे, तुम्ही अजून लहान आहात.' चौदा वर्षांच्या मुलाला यापेक्षा प्रभावी आमंत्रण कुठलं? म्हणून आम्ही एक कसोटी सुचवतो. आपल्या शाळेतलं भाषण विक्रेत्यानं मागच्या बाकावर बसून ऐकलं, तर त्याला घाम फुटेल की तो टाळ्या वाजवेल? ज्या भाषणात विकणाऱ्याचं नावच येत नाही, सगळा दोष मुलाच्या संगतीला आणि संस्काराला दिला जातो, त्या भाषणाला तो टाळ्याच वाजवेल.

मग चालतं काय? दोन प्रयोग सांगतो. एक आपल्याच देशातला. दिल्ली आणि चेन्नईच्या ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात 'मैत्री' नावाचा कार्यक्रम झाला. सहावी आणि आठवीची मुलं. वर्गातल्या कृती मुलांनीच चालवायच्या, पोस्टरं, पालकांना घरी जाणारी पत्रं, आणि मुलांनी तंबाखूच्या विक्रीविरुद्ध स्वतः आवाज उठवायचा. दोन वर्षांनी पाहिलं तर सिगारेट आणि बिडीच्या बाबतीत या शाळांत इतर शाळांसारखी वाढ झाली नव्हती, आणि पुढे ओढायचा किंवा चघळायचा मनसुबाही कमी होता. दुसरा प्रयोग इंग्लंड-वेल्समधल्या ५९ शाळांतला, २००८ साली प्रसिद्ध झालेला. तिथे बारा-तेरा वर्षांच्या मुलांनाच विचारलं, तुम्ही कुणाचं ऐकता? ज्यांची नावं आली, त्यांना शाळेबाहेर नेऊन दोन दिवस तयार केलं आणि सांगितलं, भाषण करायचं नाही. डबा खाताना, बसमध्ये, येताजाता विषय निघाला तर बोलायचं. दहा आठवडे. एवढ्यानं, पुढे दोन वर्षं माग ठेवला तेव्हा, धूम्रपानाचं प्रमाण इतर शाळांपेक्षा कमी दिसलं.

आता आपला 'मॉनिटर' आठवा. तो कोण नेमतो? वर्गशिक्षक. कुणाला नेमतात? पहिल्या बाकावरच्या, वह्या गोळा करणाऱ्या, कधी न चुकणाऱ्या मुलाला. तो पोरगा गुणी असतो, पण मागच्या बाकावरचं कुणी त्याचं ऐकतं का? उलट तो आला की विषय बदलतात. जो खरा ऐकला जातो, तो कदाचित कबड्डीचा कप्तान असतो, कदाचित दोनदा वर्गाबाहेर उभा राहिलेला असतो. त्याच्या हाती हे काम द्यायचं धाडस आपल्यात आहे का? शाळेतली सत्ता एकाकडे आणि वजन दुसऱ्याकडे असतं. आपला कार्यक्रम सत्तेकडे बघतो.

आणि शिक्षक? बिहारमध्ये २००९ ते २०११ या काळात ७२ शाळांत एक अभ्यास झाला, त्यात मुंबईच्या संशोधकांचा मोठा वाटा होता. तिथे मुलांना नाही, शिक्षकांनाच तंबाखू सोडायला मदत केली. आणि मदत मिळालेल्या शाळांत सोडणाऱ्या शिक्षकांचं प्रमाण इतर शाळांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. हे इथे सांगायचं कारण सगळ्यांना कळलंय. शिक्षक खोलीच्या खिडकीखालची भिंत लाल असेल, तर व्यासपीठावरचं वाक्य मुलं कानानं ऐकतात आणि भिंत डोळ्यांनी वाचतात. आम्ही त्या शिक्षकाला दोष देत नाही. तोही कधीतरी दहा वर्षांचा होता, त्यालाही कुणीतरी पुडी दिली होती. त्यानं मुलांसमोर उभं राहून 'मी सोडतोय, अवघड जातंय' एवढं सांगितलं, तर ते शंभर चित्रांपेक्षा मोठं व्याख्यान होईल.

शेवटचा मुद्दा. आमच्या मते सगळ्यात गंभीर. कार्यक्रम संपतो, फोटो जातो. आठवड्यानं एका मुलाच्या दप्तरात व्हेप सापडतो. आता शाळा काय करते? पालकांना बोलावतं, सगळ्यांसमोर अपमान होतो, आणि पुष्कळदा प्रेमानं सुचवलं जातं की दाखला घेऊन जा. शाळेचं नाव वाचतं. वाईट संगतीतून बाकीची मुलं वाचतात. आणि ते मूल? ज्या क्षणी त्याला शाळेची सर्वांत जास्त गरज होती, त्याच क्षणी शाळेनं दार लावलं. २०१९ चा कायदा विकणाऱ्याला, आणणाऱ्याला, साठवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला पकडतो; ओढणाऱ्याला शिक्षा त्यानं सांगितलेली नाही. कायदा ज्याला गुन्हेगार मानत नाही, त्याला आपली शाळा हद्दपार करते. आणि परिणाम काय? बाकीच्या मुलांना धडा मिळतो, पण तो 'ओढू नका' हा नाही. तो धडा असतो 'सापडू नका'. ज्याला सोडायचंय तोही मग बोलत नाही. कुणाशी बोलणार? बोललं की दाखला.

याची उलट बाजू महाराष्ट्रानंच दाखवून दिली आहे. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. तिथे व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता आजारी माणूस मानलं गेलं, त्याच्याशी आपुलकीनं वागलं गेलं. दारूच्या आहारी गेलेल्या चाळिशीच्या माणसाला आपण ही आपुलकी दाखवू शकतो, तर चौदा वर्षांच्या पोराला का नाही? तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारची विनाशुल्क दूरध्वनी सेवा आहे : १८००-११२-३५६. शाळेच्या फाटकावर दंडाच्या रकमेचा फलक आहे; हा क्रमांक मुलांच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला का नाही? व्हेप तिथेच तर ओढला जातो.

आमच्या मागण्या फार नाहीत. मुख्याध्यापकांनी लेखी सांगावं की व्हेप किंवा पुडी सापडली म्हणून कुणालाही दाखला दिला जाणार नाही. वस्तू जप्त होईल, ती कुठून आली याची तक्रार पोलिसांत जाईल, आणि मुलाला एक विश्वासातला माणूस मिळेल. जो मुलगा किंवा मुलगी स्वतः येऊन 'मला सुटत नाही' म्हणेल, त्याची किंवा तिची नोंद कुठल्याही प्रगतिपुस्तकात होणार नाही. काम चौथी-पाचवीपासून सुरू व्हावं. मॉनिटर मुलांनी निवडावेत. आणि हे सगळं वर्षभर चालावं. जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे ला येतो, तेव्हा आपल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. नंतर २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिनाला जोडून सगळं एकदाच उरकतं. उरकणं हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो.

मराठीत 'वळणं' या क्रियापदाच्या कुशीत 'वळण' हा शब्द बसलेला आहे. अक्षराला वळण असतं, रस्त्याला असतं, मुलाला लावायचं असतं. अक्षराचं वळण एका व्याख्यानानं येत नाही. कुणीतरी शेजारी बसतं, हातावर हात ठेवतं, रोज एक ओळ गिरवून घेतं, आणि अक्षर चुकलं म्हणून वही फाडून टाकत नाही. ॲरिस्टॉटलही सद्गुणाबद्दल हेच सांगत होता, की तो सवयीनं अंगी येतो. आपल्या शाळांना हे काम नवीन नाही. पहिलीच्या बाई ते रोज करतात. तेच नववीपर्यंत न्यायचं आहे.

इथे काही मुख्याध्यापक बसले आहेत, पालक आहेत. पुढच्या सोमवारी शाळेत गेल्यावर एवढं एकच करा. आपल्या शाळेच्या नियमावलीत व्हेप सापडलेल्या मुलाबद्दल काय लिहिलं आहे ते काढून वाचा. काही लिहिलेलं नसेल तर ते काय असावं, हे मुलांना विचारून लिहा. तेवढं झालं तर आजचा तास वाया गेला नाही असं आम्ही समजू. आता प्रश्न घेऊ.